पक्का माहीत असलेला शब्द

उमरेड,
६ जानेवारी २०२५

चि. पंकजले मावशीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र सरिताच्या हाती पाठवून राहिली. ती आमच्या शेजारची, रोज नागपूरले अप-डाउन करते, अन् तुझं ऑफिस रामदासपेठेत तिच्या रस्त्यातच पडते. तू म्हणशील, घरी फोन असताना मावशी पत्र काहून लिवून राहिली? बाबू, आमचा फोन तुझ्या मावसाजींच्या हातात राहते अन् सदा स्पीकरवर राहते. मी इकडे एक शब्द बोलली की पाच मिनिटांत बातमी बंगलोरले मिनलपाशी. अन् ही गोष्ट मिनलले अजिबात कळू द्यायची नाही. मावसाजींलेही नाही.

तं मुद्दा असा. आमच्या मिनलचं पुस्तक निघालं हे तुले माहीतच आहे. इंग्रजी कादंबरी! मावसाजींनी भाजीवाल्यालेही सांगायचं सोडलं नाही. आता जो तो मले विचारते, "काय लिवलं वं पोरीनं?" अन् मी हसते अन् चहा ठेवते. काय सांगू? पुस्तक अजून कागदावर छापलंच नाही, ते फोनवर वाचायचं पुस्तक आहे. मावसाजींच्या फोनवर उघडून पाहिलं तं नुसत्या मुंग्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या उजेडानं डोळ्याले धारा लागतात. अन् इंग्रजी माझं दहावीपुरतं. दर ओळीत दोन शब्द अडतात. जाडी डिक्शनरी घेऊन बसली, तं शब्द सापडेपर्यंत वाक्य कुठं होतं तेच विसरते.

मिनलले म्हटलं, थोडं सांग ना काय आहे त्यात. तं म्हणे, "राहू दे आई, तुला कंटाळा येईल."

कंटाळा! पोटच्या पोरीनं तीन वर्षं डोळे फोडून लिवलं अन् मले कंटाळा येईन!

९ मार्चले समाजानं तिचा नागपुरात सत्कार ठेवला आहे. मले स्टेजवर बसवून दोन शब्द बोलायले लावणार आहेत. त्याच्या आत मले ते पुस्तक वाचायचं आहे. माझं मी. कोणी सांगतलेलं नाही अन् मराठीत करून देल्लेलंही नाही. सरिता म्हणे, पाटीएवढं एक मशीन राहते, कागदासारखं दिसते, अक्षर मोठं करता येते, अन् शब्दावर बोट ठेवलं की अर्थ सांगते. हे खरं आहे का गा? खरं असलं तं मले तेच पायजे. डिक्शनरी चांगली असलेलं.

डब्यात सांबारवडी आहे. डबा वापस पाठवजो.

तुझी
प्रेमिला मावशी


नागपूर,
११ जानेवारी

प्रिय मावशी,
साष्टांग नमस्कार.

अवं मावशी, तू तं कमालच केली! पत्र वाचून मी ऑफिसातच टाळी वाजवली, बाजूचे लोक पाहून राहिले. सांबारवडी त्यांनीच संपवली.

खरं आहे सगळं. त्याले ई-रीडर म्हणतात. काल सुट्टी झाल्यावर सरळ बर्डीच्या बाजारात गेलो अन् दुकानवाल्याले तीन मशीन काढायले लावले. काय चीज आहे वं! उन्हात धरली तरी अक्षर साफ, डोळ्यावर उजेड मारत नाही, वजन एखाद्या वहीएवढं. अक्षर म्या इतकं मोठं केलं की एका पानावर चारच ओळी राहिल्या. शब्दावर बोट दाबून ठेवलं की खाली चौकोन उघडते, त्यात अर्थ. इंटरनेटही लागत नाही.

तिन्हींच्या डिक्शनऱ्या मात्र वेगवेगळ्या आहेत. कोणती चांगली ते एका दिवसात नाही कळत. पुढच्या शनिवारी वापस जातो, बरोबर तपासतो. मिनलचं पुस्तक आजच फोनवर घेतलं, जेवण झालं की सुरूच करतो. आपल्या घरात लेखिका! मले तं अंगावर काटा येऊन राहिला.

तुझा
पंकज


उमरेड,
१४ जानेवारी

चि. पंकज,
तीळगूळ घे, गोड बोल.

तुझं पत्र म्या तीनदा वाचलं. मशीन उन्हात चालते म्हणजे तं मी अंगणात बाजेवर बसून वाचीन. आतापासूनच जागा साफ करून ठेवली.

आता ऐक, डिक्शनरी कशी तपासायची ते सांगते. तू दुकानात जाऊन अवघड अवघड शब्द दाबशील, तं अर्थ बरोबर की चूक हे तुले तरी काय समजणार? आम्ही कोष्ट्यांच्या, विणकरांच्या घरची माणसं. सूत घ्यायले गेलो की नवं सूत जुन्याजवळ धरून पाहतो, जे आपल्या हातातून हजारदा गेलं त्याच्याजवळ. तसंच करजो. जो शब्द आपल्याले पक्का माहीत आहे तोच दाबजो. मग मशीन खरं बोलते का, सोपं बोलते का, ते लगेच कळते. 'थ्रेड' दाबजो. 'वीव्ह' दाबजो. 'स्टार्च' दाबजो, सुताले खळ आपण जन्मभर देल्ली. 'मदर' दाबजो. यात जी पास होईल ती घेऊन येजो.

अन् हिंदीत अर्थ सांगत असली तरी चालते, हिंदी आपल्या घरचीच आहे.

मिनलचं पुस्तक सुरू केलं का? काय आहे ते मले सांगू नको हं! नुसतं चांगलं आहे का एवढंच सांग.

मावशी


नागपूर,
२५ जानेवारी

प्रिय मावशी,
सा. न.

उशीर झाला, माफ कर. ऑफिसात कामं होती.

तुझी परीक्षा घेतली. दुकानवाला आधी हसला, मग तोही खेळायले लागला. पहिलं मशीन नापास. 'वीव्ह' दाबलं तं म्हणे 'इंटरलेस'. 'इंटरलेस' दाबलं तं म्हणे 'इंटरट्वाइन'. ते दाबलं तं फिरून 'वीव्ह'! जिथून निघालो तिथीच वापस. दुसऱ्याले 'वीव्ह' येते पण 'वोव्ह' म्हटलं की असा शब्दच नाही म्हणते. म्हणजे विणते चालते, विणलं चालत नाही. तिसरं हुशार आहे. 'वोव्ह'वरून सरळ 'वीव्ह'वर जाते, आधी सोप्या इंग्रजीत सांगते, मग हिंदीत. तू दाबलेले सारे शब्द जमा करून ठेवते, मागून पुन्हा पाहता येतात. 'स्टार्च'ले खळही बरोबर सांगतलं.

पण मावशी, मी म्हणतो थोडं थांबू. नवं मॉडेल येणार आहे म्हणे. सत्कार होऊन जाऊ दे, मग आरामात घेऊ. तशी तुले घाई तरी काय आहे? स्टेजवर दोन शब्द बोलायचे, ते मी लिवून देतो. पुस्तक चांगलं आहे.

पंकज


उमरेड,
२८ जानेवारी

पंकज,

तिसरं मशीन पास झालं तं आणलं काहून नाही?

नवं मॉडेल! उद्या त्याहून नवं येईल. मी काय अमरपट्टा घेऊन आली का? अन् घाई काय म्हणून मले विचारून राहिला! तारीख तुले पहिल्याच पत्रात लिवली होती. मले तुझे लिवलेले दोन शब्द नको. पोरीच्या पुस्तकातलं एक अक्षर न वाचता तिच्या बाजूले हार घालून बसू? लोक टाळ्या वाजवतील अन् मी मनातल्या मनात मरीन.

तुझ्याच्यानं होत नसलं तं सांग. सरिता घेऊन येईल.

डब्यात काही नाही. मुद्दाम.

मावशी


नागपूर,
५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

रागावू नको वं. आणलं. तिसरंच आणलं. सरिताच्या हाती देऊन राहिलो. मिनलचं पुस्तक त्यात टाकलं, हात बसावा म्हणून लहान मुलांची एक गोष्टही टाकली. अक्षर मोठं करून ठेवलं, हिंदी डिक्शनरीही लावून देल्ली.

चालवायचं कसं ते वेगळ्या कागदावर चित्रं काढून देल्लं आहे. एकच गोष्ट ध्यानात ठेवजो: पुस्तक उघडलं की ते आपोआप पहिल्या धड्यावर येते. तिथूनच वाचजो. त्याच्या मागं जायचं काम नाही. मागं नुसती कंपनीची माहिती, नाव-पत्ता, असंच काहीतरी राहते. धडा पहिला, मग पुढं, मग पुढं. बस्स.

तुझा
पंकज


उमरेड,
७ फेब्रुवारी

चि. पंकजले खूप खूप आशीर्वाद!

बापा रे बापा, काय वस्तू आहे! माझा सारा राग गेला. डब्यात डिंकाचे लाडू आहेत, एकटा खाजो.

आधी फजिती ऐक. खोकं उघडलं तं काचेवर झाडाचं सुंदर चित्र. मले वाटलं वरून कागद चिटकवला आहे, नव्या वस्तूवर राहते तसा. मी काढून राहिली नखानं, निघतच नाही! सरिताले हाक मारली, तीही काढून राहिली. दोघींनी मिळून कोपरे खरवडले. शेवटी तिनं बटन दाबलं अन् चित्र गायब! ते आतलंच होतं गा! आम्ही दोघी खाली बसून इतक्या हसलो की मावसाजी बाहेरून धावत आले. त्यांले सांगतलं, स्तोत्रं वाचायचं मशीन आहे. त्यांनी हात जोडले अन् गेले.

कालचा दिवस चालवलं नाही. आमच्याकडं नवा माग बसवला की पहिल्या दिवशी पूजा, काम दुसऱ्या दिवशी. तसं याले देवाजवळ ठेवलं, कुंकू मागच्या अंगाले लावलं, काचेले नाही, एवढी अक्कल आहे मले. आज ती मुलांची गोष्ट वाचली. ससा अन् कासव नाही, कोणत्या तरी हत्तीची आहे. शब्द दाबला की अर्थ, दाबला की अर्थ! जशी बाजूले मास्तरीण बसली आहे अन् कितीदाही विचारलं तरी चिडत नाही. पंकज, पूर्ण गोष्ट वाचली म्या! पूर्ण! इंग्रजीत!

उद्या मिनलचं पुस्तक.

तुझी मावशी


उमरेड,
८ फेब्रुवारी

पंकज,

कापड कोणी मधून उलगडते का? लुगडं असो की धोतर, आधी शेव, म्हणजे कापडाचं पहिलं टोक, पाहायची, सुरुवात कशी केली ते पाहायचं, मग अंग. माझ्या बापानं शिकवलं, तुझ्या आईलेही शिकवलं. पुस्तक पहिल्या धड्यावर उघडलं, तशी मी बोटानं मागं मागं गेली.

"टू माय मदर, हू विल नेव्हर रीड धिस."

माझ्या आईले, जी हे कधीच वाचणार नाही.

एवढी हुशार डिक्शनरी आणली अन् पहिल्याच ओळीले तिचं काम पडलं नाही. सारे शब्द माहीत होते.

म्हणून तू इतके दिवस मले झुलवून राहिला होता. म्हणून नवं मॉडेल. म्हणून मागं नाव-पत्ता. तुले माहीत होतं.

मी अंगणातून उठून आत गेली अन् खूप रडली. मावसाजींनी विचारलं काय झालं, तं म्हटलं स्तोत्र भारी होतं.

मावशी


नागपूर,
१० फेब्रुवारी

मावशी,

हो, माहीत होतं. पहिल्याच दिवशी फोनवर उघडलं अन् तीच ओळ समोर. फोन उलटा करून ठेवला. त्या दिवसापासून रोज वाटे, तुले मशीन नाही देल्लं तं बरं, मग वाटे, नाही कसं द्यायचं? मशीन पहिल्या धड्यावर उघडते हे पाहिलं तेव्हा जीवात जीव आला. तू शेव पाहशील हे माझ्या डोक्यात यायले पायजे होतं. मी कोष्ट्याचा पोरगा नावालेच आहे.

मिनलनं वाईट मनानं नाही लिवलं वं. तिले खरंच तसं वाटत असन. मी तिले आजच फोन करतो अन् सांगतो की ओळ काढून टाक. ई-बुक आहे, बदलता येते. सत्काराच्या आधी बदलून जाईल.

पंकज


उमरेड,
११ फेब्रुवारी

खबरदार!

एक शब्द बोलशील तं याद राख. ओळ तिची आहे. मले वाचू दे.


उमरेड,
२६ फेब्रुवारी

चि. पंकज,
आशीर्वाद. इतके दिवस लिवलं नाही कारण सवडच नव्हती. सकाळी स्वयंपाक उरकला की मी अंगणात, बाजेवर. सरिताची आई म्हणे, प्रेमिलाबाईले काय झालं, दळणही वेचत नाही.

आज दुपारी संपलं. शेवटच्या पानावर मशीन खाली 'शंभर टक्के' दाखवते. म्या ते सरिताले दाखवलं, समोरच्या घरच्या कौसल्याबाईले दाखवलं, दारात उभ्या पोस्टमनलेही दाखवलं.

सुरुवातीले एका पानाले अर्धा तास लागे. रागानं वाचून राहिली होती, खरं सांगते. म्हणते कशी वाचणार नाही! पण चौथ्या धड्यापासून राग कुठं गेला ते मलेच कळलं नाही. गोष्ट तुले माहीत आहे, तरी सांगते, मले सांगायचीच आहे. विणकरांच्या गावातली पोरगी शहरात वसतिगृहात राहायले जाते. तिची आई पहाटे उठून मागासाठी सुताच्या कांड्या भरते, तिच्या बोटांले सुताच्या चिरा आहेत. ती आई भेटायले येते तं पोरगी तिले गेटवरूनच वापस पाठवते. अन् मैत्रिणींले सांगते, माझी आई शाळेत मास्तरीण आहे.

तिथं 'अशेम्ड' हा शब्द होता. दाबला. शर्मिंदा. पुढं तो शब्द कितीदा तरी आला, पण एकदाच दाबावा लागला.

तुले वाटत असन मले वाईट वाटलं. वाटलं. मले आठवते ते गेट. पण पंकज, पोरीनं ते काहीच लपवलं नाही! स्वतःले सोडलं नाही तिनं. एवढं खरं लिवायले किती छाती लागते! मी तं मावसाजींले स्तोत्राचं खोटं सांगून बसली. अन् मले मास्तरीण केलं त्याची तं गंमतच वाटली. म्या दोनदा वाचलं ते पान.

आता मले स्टेजवर काय बोलायचं ते पक्कं माहीत आहे. कोणाले सांगणार नाही.

मावशी


उमरेड,
११ मार्च

चि. पंकज,

तू तुमच्या ऑफिसच्या हिशेबात अडकला अन् सत्कार हुकला. इतकं हुकलं गा तुझं! ऐक.

हॉल गच्च भरला होता. मिनल निळी साडी नेसली होती, आपल्या मागावरची. हार झाले, नारळ झाला, तीन जणांची भाषणं झाली. तिघांपैकी एकानंही पुस्तक वाचलं नव्हतं, ते मले लगेच कळलं. मग म्हणे, आता लेखिकेच्या मातोश्री दोन शब्द बोलतील. मिनल हळूच म्हणाली, "आई, नुसतं नमस्कार म्हण, पुरे."

मी उठली. माइकजवळ गेली. म्हटलं, "या पुस्तकात पोरगी वसतिगृहात सांगते की तिची आई मास्तरीण आहे. हे खोटं आहे. तिची आई मास्तरीण नव्हती. पण या पुस्तकासाठी तिनं बासष्टाव्या वर्षी शाळा भरवली, अन् स्वतःच विद्यार्थीण झाली. बारावा धडा सर्वांत चांगला आहे. नववा थोडा लांबला." बस्स, एवढंच.

मागं वळून पाहिलं तं मिनल उभी. तोंड उघडं. टाळ्या वाजून राहिल्या अन् ती माझ्याकडं पाहून राहिली.

"तुला कोणी सांगितलं हे?"

म्या पिशवीतून मशीन काढलं. जुन्या लुगड्याच्या काठाची खोळ शिवली आहे त्याले. तिच्या हातात देल्लं. तिनं उघडलं, तं पहिलंच पान समोर आलं, तिची ती ओळ. म्या मुद्दाम तिथीच ठेवून आणलं होतं. पोरीचा चेहरा असा झाला की मलेच वाटलं, इतकं नव्हतं करायचं. स्टेजवर सगळ्यांसमोर गळ्यात पडली अन् रडली. "आई, मला वाटलं होतं..." एवढंच म्हणे. म्हटलं, "वाटू दे. नववा धडा लांबला हे मात्र खरं आहे. दुसरं पुस्तक केव्हा?"

मावसाजी समोरच्या रांगेत बसले होते. घरी येताना गाडीत म्हणाले, "स्तोत्र भारी होतं म्हणजे हेच का?" मी हो म्हटलं. तं म्हणाले, "मलेही शिकव."

तुझी
मावशी


नागपूर,
२० मार्च

प्रिय मावशी,
सा. न.

तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझी सून भारती रडली, मीही रडलो, पोरगं म्हणे काय झालं.

एक काम कर. मिनलचा फोन आला होता. त्या फोनवर माझी काय खरडपट्टी झाली ते भेटीत सांगीन. म्हणाली, मशीनवरचं पुस्तक एकदा काढून टाक अन् पुन्हा उतरव. घाबरू नको, पुस्तक जात नाही. पुस्तकावर बोट दाबून ठेव, 'रिमूव्ह' म्हण, मग सरिताच्या फोनचं इंटरनेट लावून पुन्हा त्याच नावावर दाब. नवं येईल. काय बदललं ते मी नाही सांगत. मागं एकदा सांगतलं नाही म्हणून शिव्या खाल्ल्या, आता सांगतलं तरी खाईन.

यावेळी शेवेपासूनच पाहजो.

पंकज


उमरेड,
२३ मार्च

चि. पंकज,

काढून टाकायच्या आधी सरिताले तीनदा विचारलं. माझे सारे जमा केलेले शब्द गेले तं? नाही गेले. सरिता फोन धरून उभी, मावसाजी चष्मा लावून उभे. पुस्तक वापस आलं अन् सरळ पहिल्या धड्यावर उघडलं. मी मागं गेली.

"टू माय मदर, हू इज वेटिंग फॉर द नेक्स्ट वन."

म्या मावसाजींले अर्थ सांगतला. माझ्या आईले, जी पुढच्या पुस्तकाची वाट पाहून राहिली आहे.

याही वेळी एकाही शब्दाले डिक्शनरीचं काम नव्हतं. तरी 'मदर'वर बोट दाबून ठेवलं. पक्का माहीत असलेला शब्द आहे, पाहू म्हटलं काय सांगते. चौकोन उघडला. 'माँ'.

बरोबर सांगते गा. मशीन चांगलं निवडलं तू.

तुझी
प्रेमिला मावशी